टोपीत कसलं आलंय राजकारण?

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला इतक्या वेळा विचारला गेलाय, की एकदाचं उत्तर लिहूनच टाकावं म्हणतो. शेवटचा विचारला गेला तो गेल्या महिन्यात, म्युनिकमधल्या शनिवारच्या एका जुन्या बाजारात. विचारणारा विक्रेता पन्नाशीचा, गोडबोल्या. टेबलावर सात-आठ फेल्ट हॅट्स मांडलेल्या आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली तीच ती चिठ्ठी : 'टिरोलर हुट, १९३०चं दशक'. सगळ्या टिरोलच्या, सगळ्या एकाच दशकातल्या. त्यातली एक तर माझ्या मते १९७०च्या अलीकडची होती, पण ते राहू द्या.

माझा हा नाद घरच्यांना ठाऊक आहे. नव्याने इकडे आलेल्यांसाठी सांगतो : मी जर्मन आणि ऑस्ट्रियन बनावटीच्या जुन्या पुरुषी फेल्ट हॅट्स गोळा करतो. सध्या एकतीस आहेत. आईचं मत, 'मेलेल्या माणसांच्या टोप्या घरात कशाला?' बायकोचं मत, मी म्हणजे भांडी न देणारी बोहारीण. दोन्ही मतं मान्य करून पुढे जाऊ.

तर त्या टेबलावरची एक राखाडी-हिरवी हॅट मी उचलली. हातात घेताक्षणी कळलं की लोकर नव्हे, सशाच्या केसांचं फेल्ट. हलकं, पातळ, आणि दाबून सोडलं की लगेच पूर्ववत होणारं. काठाभोवती बारीक रबरी दोरी, तिच्या टोकाला छोटं बटण. वारा सुटला की हे बटण कोटाच्या काजात अडकवायचं, म्हणजे हॅट उडाली तरी जाते कुठे! उत्तम माल. उलटी करून आत पाहिलं, तर आत काहीच नाही. अस्तर गायब.

"अस्तर?"

"काढून टाकलं. मळलेलं होतं. आता कशी स्वच्छ दिसते बघा."

मी म्हटलं, अहो, दुकानाचं नाव, गाव, पत्ता, सगळं त्या अस्तरावर छापलेलं असतं. तो म्हणाला, नावाने काय फरक पडतो, हॅट बघा ना. का फरक पडतो ते मी दोन मिनिटांत सांगायचा प्रयत्न केला. त्यावर तो हसला आणि ते वाक्य म्हणाला. टोपीत कसलं आलंय राजकारण?

आता दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेतो.

आधी एक गोष्ट. हॅट बाहेरून ओळखता येत नाही. म्हणजे तिचा प्रकार ओळखता येतो, वय नाही. होम्बुर्ग हॅट घ्या. मध्ये एकच खोल दुमड, काठ चहूबाजूंनी वर वळवलेला. बाड होम्बुर्ग या गावी पाण्याचे उपचार घ्यायला येणाऱ्या इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, १८८०च्या दशकात ती डोक्यावर चढवली आणि मग निम्म्या युरोपने. ती आजही बनते. टिरोलरचंही तेच. मागे वळलेला काठ, जाड दोरी, बाजूला तुरा, नाहीतर आल्प्समधल्या रानबकऱ्याच्या पाठीच्या केसांचा तो ब्रशसारखा गाम्सबार्ट. हा आकार शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि काल-परवा पर्यटकाने विमानतळावर घेतलेलाही आहे. आकारावरून साल सांगणारा माणूस तुम्हाला टोपी घालतोय, आणि हे मी दोन्ही अर्थांनी म्हणतोय.

खरी साक्ष आत असते. चामड्याच्या पट्टीवर आणि अस्तरावर. तिथलं वाचायला शिकलं की मजा येते. 'क. उ. क.' म्हणजे शाही आणि राजेशाही दरबाराचे पुरवठादार असं लिहिलेलं असेल, तर हॅट १९१८च्या आधीची असण्याची शक्यता. शक्यताच, कारण साम्राज्य बुडालं तरी दुकानदारांनी गरुडाचा ठसा लगेच टाकून दिला असं नाही. (आपल्याकडे संस्थानं गेली तरी 'श्रीमंत सरकारांचे खास सुवर्णकार' अशा पाट्या राहिल्याच की!) व्हिएन्नाचं हाबिग हे १८६२ पासूनचं नावाजलेलं घराणं, त्यांच्या हॅट्सच्या बाबतीत हा घोळ नेहमी होतो. किमतीची चिठ्ठी चिकटलेली राहिली असेल तर लॉटरीच. राइशमार्क असेल तर १९२४ ते १९४८. ऑस्ट्रियन शिलिंग १९२५ मध्ये आला, १९३८ मध्ये गेला आणि १९४५ मध्ये परत आला. पत्त्यात चार आकडी पिनकोड असेल तर पश्चिम जर्मनीत १९६१ नंतरची, ऑस्ट्रियात १९६६ नंतरची. पाच आकडी असेल तर जर्मन हॅट १९९३ नंतरची, म्हणजे ठेवून द्या खाली. 'डी. आर. जी. एम.' ही अक्षरं म्हणजे साम्राज्याच्या कार्यालयातली नोंदणी, ती १८९१ पासून १९४५ पर्यंतची. 'व्ही. ई. बी.' असेल तर पूर्व जर्मनीतला सरकारी कारखाना. आणि ती काटेरी फ्राक्टुर लिपी दिसली की जुनी हॅट, असं मात्र समजू नका. ती लिपी १९४१ मध्ये खुद्द नाझी सरकारनेच मोडीत काढली, आणि युद्धानंतर लोकपोशाखाच्या दुकानदारांनी जुनेपणाचा आव आणायला परत वापरली.

हे सगळं शिकायला मला काही वर्षं लागली. आणि शिकलेले लोक इथेच थांबतात, हे माझं खरं भांडण आहे. अस्तर फाडणाऱ्या विक्रेत्यापेक्षाही माझा राग या जाणकारांवर आहे. हे लोक अस्तरावरचा पिनकोड वाचतात, किंमत वाचतात, लिपी वाचतात. नाव वाचत नाहीत. नाव म्हणजे त्यांच्या लेखी नक्षी.

'१९३०चं दशक' हे या धंद्यातलं सर्वात लाडकं विशेषण आहे. ऐकायला छान. जुने सिनेमे, सिगारेटचा धूर, रेल्वेचे डबे, वगैरे. पण त्या देशांत १९३०चं दशक ही एक सलग गोष्ट नव्हतीच. १९३२ची हॅट आणि १९३९ची हॅट यांत सात वर्षांचं अंतर नाही, त्याहून बरंच जास्त आहे. तिकडच्या कापड आणि टोप्यांच्या धंद्यात ज्यू कुटुंबं पिढ्यानपिढ्या होती, कारखान्यांपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. कपड्यांच्या धंद्यात १९३३ सालीच 'आडेफा' नावाची संघटना निघाली. हा माल आर्य हातांनी बनलाय अशी हमी देणारी तिची चिठ्ठी कपड्याच्या आत शिवलेली असे. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत सामील करून घेतला गेला आणि व्हिएन्नात लूट सुरू झाली. दुकानात घुसून, मालकाला बाहेर काढून, किल्ल्या घेऊन. मग त्या लुटीला कागदोपत्री रूप आलं. १२ नोव्हेंबर १९३८च्या हुकमाने १ जानेवारी १९३९ पासून ज्यूंना किरकोळ दुकान चालवायलाच बंदी झाली. 'आर्यीकरण' हा त्यांचा शब्द. म्हणजे कवडीमोलाने सक्तीची विक्री, आणि दुसऱ्या दिवशी पाटी बदललेली.

आणि खास टोपीबद्दलच ऐकायचं असेल तर हे ऐका. जून १९३८ मध्ये साल्झबुर्गच्या पोलीस संचालनालयाने एक आदेश काढला. ज्यूंनी सार्वजनिक ठिकाणी आल्प्सचा पोशाख घालायचा नाही, खरा नाही आणि नकलीही नाही. पुढे यादी दिलेली : चामड्याच्या चड्ड्या, जाकिटं, डिर्न्डल, पांढरे मोजे आणि टिरोलर हॅट्स. मोडला तर १३३ मार्कांपर्यंत दंड किंवा दोन आठवड्यांपर्यंत कैद. होय, टिरोलर हॅट. तीच, जिच्यावर त्या सद्‌गृहस्थाने चिठ्ठी बांधली होती. टोपीत राजकारण मी आणलेलं नाही हो. ते यादीत नाव घालून आणलं गेलं होतं.

यातला उपहास असा, की हा पोशाख शहरात आणि फॅशनमध्ये आणणाऱ्यांत ज्यू माणसं पुढे होती. म्युनिकमधले युलियस आणि मोरित्झ वालाख हे भाऊ. १९०० साली त्यांनी लोकपोशाखाचं दुकान काढलं, आणि आज ज्याला आपण 'बव्हेरियन' म्हणतो तो डिर्न्डल शहरी बायकांच्या कपाटात पोहोचवण्यात या दुकानाचा मोठा हात. १९१०च्या ऑक्टोबरफेस्टच्या मिरवणुकीला पोशाख यांचे. दुकान १९३८ मध्ये हिसकावलं गेलं. मोरित्झ अमेरिकेत पोहोचला. माक्स नावाचा भाऊ आउश्वित्झमध्ये मारला गेला. किंवा ऑस्ट्रियातला कोनराड माउटनर. व्हिएन्नाच्या ज्यू उद्योगपतीचा मुलगा, ग्रुंडलझेच्या काठी खेड्यात जाऊन राहिला, तिथली गाणी आणि पोशाख गोळा करत बसला. तो १९२४ मध्येच गेला म्हणून सुटला म्हणायचं. तो ज्या लोकपोशाखावर जीव टाकत होता, तो त्याच्यासारख्यांनी अंगावर घालणं चौदा वर्षांनी गुन्हा ठरलं.

गुबेन गावाचंही तसंच. पूर्वेकडे नायसे नदीवरचं हे गाव, लोकरीच्या फेल्टचं माहेरघर. पावसात न विरघळणारी, आकार न सोडणारी लोकरी हॅट कार्ल गोटलोब विल्के याने इथे १८५४ मध्ये बनवली. 'गुबेनर हुट' हे नाव तुम्हाला अर्ध्या जुन्या जर्मन हॅट्समध्ये सापडेल. विल्केचं नाव प्रत्येक जाणकाराला पाठ. पण त्याच गावातली 'बर्लिन-गुबेनर हुटफाब्रिक' ही बडी कंपनी वाढवणारे लेविन ज्यू होते आणि नाझी काळात त्यांना बाहेर काढलं गेलं, हे किती जण सांगतात? 'गुबेन, १९३०चं दशक, उत्तम स्थितीत.' संपलं.

"मग काय, प्रत्येक हॅट गुन्हेगार?" असं एका मित्राने विचारलं. प्रश्न रास्त आहे. नाही, बहुतेक हॅट्स बिचाऱ्या नुसत्या हॅट्स आहेत. कुणा शिक्षकाने पगारातून पैसे साठवून घेतलेल्या, रविवारी चर्चला घातलेल्या. आणि नावं पुसण्याचा धंदा एकाच बाजूने झाला असंही नाही. मोराव्हियातलं नॉयटिटशाइन घ्या. १७९९ पासूनचं ह्युकेल घराणं तिथलं, जर्मन भाषक. हे गाव १९१८ पर्यंत ऑस्ट्रियात, मग चेकोस्लोव्हाकियात, १९३८ मध्ये जर्मनीत, १९४५ मध्ये परत चेकोस्लोव्हाकियात. मग जर्मनांना हाकललं गेलं, कारखाने सरकारजमा होऊन 'टोनाक' झाले, गाव नोवी यिचिन झालं. ह्युकेल मंडळींनी बव्हेरियात वाइलहाइमला नव्याने मांडामांड केली. तेव्हा आत 'नॉयटिटशाइन' लिहिलेली हॅट आणि 'वाइलहाइम' लिहिलेली हॅट यांच्यामध्ये बैलगाडीत मावेल एवढं सामान घेऊन निघालेली माणसं आहेत. दोन्ही पुसणी सारखीच, असं मी म्हणत नाही. एका बाजूला घर गेलं, दुसऱ्या बाजूला घर आणि घरातली माणसं. पण दोन्ही कळतात ती अस्तरावरूनच. अस्तर गेलं की दोन्हींची 'जुनी जर्मन हॅट' होते.

आणखी एक मुद्दा, जो मला झोपू देत नाही. याच बाजारात चार टेबलं पलीकडे लष्करी टोप्या विकायला असतात. जर्मनीत स्वस्तिक उघडं दाखवणं गुन्हा, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावलेली. त्या टोप्यांची मात्र पूर्ण कुंडली मिळते! कुठली तुकडी, कुठला हुद्दा, कुठला शिवणारा, आतल्या ठशाचा फोटो, घराण्याकडून आल्याचा कागद. अस्तराला हात लावाल तर मालक मारायला धावेल, कारण अस्तर गेलं की किंमत गेली. म्हणजे अस्तराचं महत्त्व या लोकांना कळत नाही असं मुळीच नाही. मारणाऱ्याच्या टोपीतलं नाव जपायचं आणि टोपीवाल्याचं नाव मळकं म्हणून कचऱ्यात टाकायचं, हा निवाडा त्यांनी केलेला आहे. न बोलता केलाय इतकंच.

बरं, नाव वाचायला फार कष्टही नाहीत. व्हिएन्नाची 'लेमान' नावाची पत्त्यांची पुस्तकं आहेत, १८५९ पासून १९४२ पर्यंतची, तिथल्या शहर ग्रंथालयाने सगळी स्कॅन करून फुकट ठेवली आहेत. बर्लिनचीही १७९९ पासून १९४३ पर्यंतची तशीच आहेत. अस्तरावरचं नाव आणि रस्ता घ्या, १९३७चं पुस्तक आणि १९४०चं पुस्तक शेजारी शेजारी उघडा. तोच रस्ता, तोच घर नंबर, धंदा तोच, नाव वेगळं. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी चहा तसाच टाकून उठलो होतो. अर्थात नाव बदललं म्हणजे तेच झालं असं नव्हे. माणूस म्हातारपणी मरतो, दिवाळं निघतं, दुकान जावयाला जातं. म्हणून पुढे व्यापारनोंदणीचे कागद बघावे लागतात, स्मारकांच्या याद्या बघाव्या लागतात, कधी काहीच हाती लागत नाही. पण निदान प्रश्न तरी विचारला जातो. साल ओळखून थांबणाऱ्याने हॅट ओळखली, असं मी मानायला तयार नाही.

"हॅट घालायची असते, म्युझियममध्ये ठेवायची नसते," हाही एक आक्षेप. एकदम कबूल. मी स्वतः थंडीत घालतो. (जुन्या केसांच्या फेल्टमध्ये पारा असू शकतो हे मात्र लक्षात असू द्या. सशाचे केस एकमेकांत गुंतावेत म्हणून पूर्वी पाऱ्याचं संयुग लावत, टोपी कारागिरांचे हात थरथरायचे ते त्यामुळे. उगाच नाकाशी धरून वाफ देत बसू नका.) अस्तर अगदीच लक्तर झालं असेल तर बदलाही. पण आधी फोटो काढा, काढलेलं अस्तर पाकिटात घाला, पाकिटावर लिहा कुठल्या हॅटचं. पाच मिनिटांचं काम.

हे मी एवढ्या तावातावाने का लिहितोय, ते घरच्यांपैकी काहींना माहीत असेल. माझी पहिली हॅट व्हिएन्नाची होती. गडद तपकिरी, मखमलीसारखं लांब केसांचं फेल्ट, त्याला वेलूर म्हणतात. मला तेव्हा काहीच कळत नव्हतं. अस्तर पिवळं पडून फाटलेलं, वास मारत होतं. मी कात्रीने कापलं, कचऱ्यात टाकलं आणि साटीनचं नवं लावून घेतलं. फार खूश होतो. त्या अस्तरावर एक नाव होतं आणि खाली रस्ता. रस्ता आठवतो, कारण तो मी नकाशात शोधला होता. नाव आठवत नाही. पुढे लेमान सापडल्यावर मी त्या रात्री तो रस्ता उघडून बसलो. १९३७ मध्ये त्या रस्त्यावर टोप्यांची चार दुकानं. १९४०च्या पुस्तकात त्यातल्या दोन नावांचा पत्ता नाही. माझी कुठली? त्या चारांतलं एकेक नाव मी मोठ्याने वाचून पाहिलं, एखादं ओळखीचं वाटतंय का म्हणून. चारही वाटली.

हॅटमध्ये आता फक्त चामड्याच्या पट्टीवर छिद्रं पाडून कोरलेली दोन अक्षरं उरली आहेत, ती घालणाऱ्याची, विकणाऱ्याची नव्हेत. एच आणि के. त्यावरून काय शोधणार, कपाळ!

असो. तर त्या शनिवारी मी त्या विक्रेत्याला विचारलं, अस्तरं टाकली कुठे? माणूस तसा वाईट नव्हता. म्हणाला, टाकली नसावीत अजून, आणि गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन शोधाशोध करून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. आत तीन अस्तरं, चुरगळलेली. एकावर म्युनिकच्या दुकानाचं नाव स्पष्ट, एकावर लिंझचं, तिसऱ्यावर सोनेरी शाई इतकी उडालेली की नुसता 'व्हिएन्ना' हा शब्द आणि एक घर नंबर. फुकट घेऊन जा म्हणाला, वर त्या राखाडी-हिरव्या हॅटचे दहा युरो कमीही केले.

मी विचारलं, यातलं हिचं कुठलं?

त्याने तिन्ही अस्तरं आळीपाळीने हॅटमध्ये धरून पाहिली. तिन्ही सत्तावन्न नंबरची होती.